जंगलातला माणूस कसा रंगवलाय, ते पाहून वाचा

नंदुरबार जिल्ह्यातल्या आई-वडिलांना, शिक्षकांना आणि वाचनालयं चालवणाऱ्यांना एक विनंती करायची आहे. तुमच्या घरातलं किंवा वर्गातलं मूल मोबाइलवर 'नारुतो' नाहीतर 'डीमन स्लेयर' बघत असेल, तर 'ते कार्टून बंद कर नि अभ्यासाला बस' एवढ्यावर विषय संपवू नका. ते जे बघतंय ते मुळात पुस्तक आहे. अशा चित्रकथांना जपानमध्ये मांगा म्हणतात. 'डीमन स्लेयर' तिकडच्या एका साप्ताहिकात 2016 ते 2020 अशी चार वर्षं क्रमशः येत होतं आणि त्याचे 23 भाग झाले. पडद्यावर जे झरझर निघून जातं, ते कागदावर थांबून बघता येतं, मागचं पान उलटून पुन्हा वाचता येतं. ते पुस्तक मुलाच्या हातात पडू द्या. आणि स्वतःही वाचा.

मी कॉमिक्स, मांगा आणि अद्भुत कादंबऱ्या मनापासून वाचतो. अलीकडे वाचलेल्या पुस्तकांत काही पुन्हा पुन्हा वाचावीत अशी निघाली, काही अर्ध्यावर ठेवली. त्यांची पारख मी एका प्रश्नावर करतो. गोष्टीत जंगलात, डोंगरात राहणारा माणूस कसा रंगवलाय? त्याला नाव आहे का, त्याला बोलू दिलंय का, की तो नुसता भाला धरून नायकाच्या मागे उभा आहे? ज्या जिल्ह्यात दर 10 माणसांतली जवळपास 7 माणसं आदिवासी आहेत, तिथल्या वाचकाने हा प्रश्न विचारल्याशिवाय पुस्तक मिटू नये.

आज पन्नाशी-साठीत असलेल्यांना इंद्रजाल कॉमिक्स आठवत असतील. टाइम्स ऑफ इंडियाने 1964 मध्ये ती सुरू केली आणि 1990 मध्ये बंद केली. मराठीतही ती येत. त्यातला वेताळ आपल्याकडे फार लाडका. ली फॉक या अमेरिकन लेखकाने 1936 मध्ये तो जन्माला घातला. आता पुन्हा वाचताना काय दिसतं? एका गोऱ्या घराण्यातले पुरुष 21 पिढ्या बापामागून मुलगा असे जंगलाचे रखवालदार होतात, आणि जंगलातल्या जमाती त्यांना एकच अमर माणूस समजून भितात, मानतात. तिथल्या माणसांना आपला तंटा आपण मिटवता येत नाही, आपलं रान आपण राखता येत नाही. भारतीय संपादकांना काही गोष्टी खटकल्या होत्या. चाच्यांच्या टोळीचं 'सिंग' हे नाव त्यांनी 'सिंगा' केलं, 'बेंगाला' या देशाचं 'डेंकाली' केलं. जंगलातली माणसं मात्र होती तशीच राहू दिली. कुणाच्या माळ्यावर जुने अंक असतील तर जरूर काढा, चित्रं सुंदर आहेत. पण मुलाशेजारी बसून वाचा, आणि ही माणसं स्वतः काहीच का करत नाहीत, असं त्याला विचारा.

अनंत पै यांनी 1967 मध्ये सुरू केलेल्या अमर चित्र कथेने आपल्या घराघरांत पुराणं नि इतिहास पोचवला, त्याचं ऋण मोठं आहे. तरी तिच्या जुन्या अंकांत देव आणि राजपुत्र गोरे-निळे, आणि असुर-राक्षस काळे, जाडे, सुळेवाले असं सर्रास दिसतं. आपल्या गावातल्या सावळ्या मुलीने ते पाहून स्वतःबद्दल काय समजायचं? ही चित्रं दाखवताना मोठ्या माणसाने गप्प राहू नये.

आता चांगल्याकडे येतो. सातोरू नोदा यांची 'गोल्डन कामुय' ही मांगा 2014 ते 2022 या काळात आली, एकूण 31 भाग. 1904-05 च्या रशिया-जपान युद्धातून परतलेला सुगिमोतो नावाचा सैनिक होक्काइदो बेटावर दडवलेल्या सोन्याच्या मागे लागतो. हे सोनं आयनू लोकांचं. आयनू हे तिथले मूळ रहिवासी. जपानच्या संसदेने त्यांना तशी मान्यता द्यायला 2008 साल उजाडलं. बर्फात अस्वल समोर येतं तेव्हा सुगिमोतोच्या मदतीला येते असिर्पा, एक आयनू मुलगी, विषारी बाण लावलेलं धनुष्य घेऊन. तिथून पुढे शिकवणारी ती आणि शिकणारा तो. फास कुठे लावायचा, कुठल्या झाडाची साल कशाला लागते, अस्वलाची शिकार झाल्यावर त्याचा मान कसा राखायचा, सगळं ती सांगते. खारीचं मांस सुरीने बारीक करताना सगळ्यांनी आळीपाळीने सुरी चालवायची आणि 'चिताताप, चिताताप' म्हणत राहायचं, असा तिचा दंडक आहे. युद्धात मुडदे पाडून आलेला शिपाईही निमूटपणे म्हणतो. आयनू भाषा बिनचूक यावी म्हणून लेखकाने हिरोशी नाकागावा या भाषातज्ज्ञांचा सल्ला घेतला. दुसऱ्याच्या जमातीवर लिहायचं तर एवढी मेहनत घ्यावी लागते. मधले काही भाग पसरट झाले आहेत आणि रक्तपात अतोनात आहे, म्हणून हे पुस्तक मोठ्यांनीच वाचावं. मुलांच्या कपाटात ठेवू नका.

मुलांसाठी, खरं तर शेतकऱ्याच्या घरातल्या कुणासाठीही, 'सिल्व्हर स्पून' घ्या. त्याच्या लेखिका हिरोमू आराकावा या होक्काइदोतल्याच दूधवाल्या शेतकरी कुटुंबात वाढल्या. 'फुलमेटल अल्केमिस्ट' ही त्यांची जादूची, लढायांची मांगा जगभर गाजली. त्यानंतर त्यांनी 2011 मध्ये शेतकी शाळेवर ही 15 भागांची गोष्ट सुरू केली. शहरातला हाचिकेन अभ्यासाच्या ताणाला कंटाळून शेतकी शाळेत दाखल होतो. डुकराच्या एका अशक्त पिल्लावर त्याचा जीव जडतो. मोठं झाल्यावर ते कापलं जाणार हे ठाऊक असूनही तो त्याला नाव देतो, वाढवतो आणि शेवटी त्याचं मांस स्वतः विकत घेतो. ही पानं वाचताना घशात आवंढा येतो, पण लेखिका कुणाला उपदेश करत नाही.

त्याहून मला हलवून गेला तो कोमाबाचा भाग. हा हाचिकेनचा वर्गमित्र, बेसबॉलचा उत्तम खेळाडू. घरचा गोठा कर्जात बुडतो, गाई विकाव्या लागतात, पोरगा शाळा सोडून कामाला लागतो. त्याच्या कर्जाला त्यांच्याच वर्गातल्या मिकागे या मुलीच्या घरचे जामीन राहिलेले असतात, म्हणून तिच्या घरचे घोडे जातात. सोसायटीच्या कर्जाला शेजाऱ्याची सही म्हणजे काय, हे आपल्याकडे वेगळं समजावून सांगायला नको. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात सौदा ठरल्यावरही विकणाऱ्याचा हात दोरावर रेंगाळतो. ज्यांनी तो पाहिलाय त्यांना मिकागेचं मौन लगेच कळेल. जपानमधल्या शेतकऱ्याचीही हीच कुतरओढ आहे, हे आपल्या पोरांना कळलं तर त्यांना आपल्या घरची लाज वाटणार नाही.

शिगेरू मिझुकी यांच्या 'नोननोनबा'बद्दल आजी-आजोबांना सांगायचंय. मिझुकींनी महायुद्धात डावा हात गमावला आणि उरलेल्या हाताने जन्मभर गावाकडची भुतंखेतं काढली. ती त्यांना ऐकवली होती लहानपणी घरी येणाऱ्या एका गरीब, देवभोळ्या म्हातारीने. छतावरचा ओलीचा डाग दाखवून ती म्हणे, रात्री एक भूत येऊन छत चाटून जातं, त्याचा हा डाग. या म्हातारीच्या आठवणींच्या पुस्तकाला 2007 मध्ये फ्रान्समधल्या आंगुलेमच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट चित्रकथेचा पुरस्कार मिळाला. तुम्ही पोरांना सांगता त्या गोष्टींची किंमत यावरून ओळखा, आणि सांगायच्या थांबू नका.

अद्भुत कादंबऱ्यांत टॉल्किनचं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मुग्धा कर्णिक यांनी 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने मराठीत आणलंय. सुरुवातीची शंभर पानं रेंगाळतात, नेटाने वाचा. कुऱ्हाडींना कंटाळलेली झाडं चालून जातात तो भाग सातपुड्यातल्या माणसाने वाचलाच पाहिजे. पण माझा जीव अडकलाय उर्सुला ले ग्विन यांच्या 1968 च्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'मध्ये. नायक गेड हा डोंगरावर शेळ्या राखणारा, तांबूस-सावळ्या रंगाचा पोरगा. मंत्राचा पहिला शब्द त्याला गावातली मावशी शिकवते. लेखिकेने त्याला मुद्दाम सावळा केला होता, तरी प्रकाशकांनी मुखपृष्ठांवर तो गोरा काढला, पुढे टीव्हीवाल्यांनीही तेच केलं. ले ग्विन यांनी त्याविरुद्ध जाहीरपणे लिहिलं. पुस्तक फार जाड नाही, इंग्रजी जमत असेल तर दहावी-बारावीच्या मुलांना झेपेल.

आता आपल्या उंबऱ्यातलं पुस्तक. ओरिजित सेन यांचं 'रिव्हर ऑफ स्टोरीज' 1994 मध्ये आलं. भारतातली पहिली ग्राफिक कादंबरी म्हणून त्याचं नाव घेतात, आणि तिचा विषय आहे नर्मदेवरचं धरण. सरदार सरोवरात महाराष्ट्राची 33 गावं बाधित झाली, ती सगळी आपल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. त्यात मणिबेली पहिलं. पुस्तकात विष्णू नावाचा पत्रकार बातमीच्या निमित्ताने खोऱ्यात येतो, आणि दुसरीकडे मलगू गायन हा गायक सृष्टी कशी झाली, नदी कशी झाली ते गातो. बातमी आणि गाणं शेजारी शेजारी चालतात. खोरं आपल्याला बऱ्याचदा शहरी पत्रकाराच्या डोळ्यांनी पाहावं लागतं, ही त्यातली उणीव मला जाणवते. पण शहरात घरकाम करणारी रेलकू स्वतःची हकीकत सांगू लागते, त्या पानांना तोड नाही. बरीच वर्षं हे पुस्तक हाती लागत नव्हतं. 2022 मध्ये ब्लाफ्ट प्रकाशनाने ते पुन्हा छापलंय. आहे इंग्रजीत. नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या महाविद्यालयांच्या ग्रंथपालांनो, एक प्रत मागवाच.

त्याच्याच शेजारी 'भीमायन' ठेवा. डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यावरचं हे 2011 चं पुस्तक दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी काढलंय. त्यांनी माणसांना चौकटीत कोंडायचं नाकारलं आणि पानं आपल्या दिग्ना या पारंपरिक नक्षीने विभागली. भल्या माणसाचं बोलणं पक्ष्याच्या आकारात येतं, जातीचा विखार असलेलं बोलणं विंचवाच्या नांगीसह. आगगाडी सापासारखी वळत जाते. परदेशी कॉमिक्सची नक्कल न करता आपल्या हाताने काय करता येतं, याचा हा पुरावा आहे.

कारण मुद्दा तिथेच येतो. काठीच्या राजवाडी होळीला मोरपिसांचे उंच टोप घातलेले, कमरेला भोपळे आणि घुंगरं बांधलेले, अंगभर ठिपके काढलेले बुध्या पहाटेपर्यंत नाचतात, तसा वेश कुठल्या अद्भुत कादंबरीच्या चित्रकाराला सुचला असता? धान्य देणारी देवी याहामोगी, तिच्याबरोबरचा राजा पांठा, यांच्या गाथा रात्र-रात्र गाणारी माणसं अजून आहेत. नवापूरचं रेल्वे स्थानक अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. गोष्टीला याहून चांगली सुरुवात कुठे मिळेल? ज्याला चित्र काढता येतं अशा प्रत्येक मुलाला माझं सांगणं आहे: नारुतो गिरवून हात बसला असेल तर आता आजोबांपुढे वही घेऊन बस. भिली, पावरी, मावची, कोकणी, अहिराणी, ज्या भाषेत ते सांगतील त्याच भाषेत फुग्यात लिही. मात्र देवाची गोष्ट काढण्याआधी गावातल्या जाणत्यांना विचार. काही गोष्टी ठरावीक वेळी, ठरावीक माणसानेच सांगायच्या असतात.

पैशांचं बोलू. मांगाचा एक भाग साधारण चार-पाचशे रुपयांना पडतो, आणि भाग पुष्कळ. एका घराला ते जमणार नाही. म्हणूनच वाचनालयांना हात जोडून सांगतो. खरेदीच्या यादीत दरवर्षी त्याच त्या चरित्रांबरोबर 'सिल्व्हर स्पून'चे दोन-तीन भाग तरी घाला. वाचकांनी तोंडी न सांगता मागणीच्या वहीत लिहावं. लेखी मागणी असली की ग्रंथपालालाही समितीपुढे बोलता येतं. मोबाइलवर चोरून चढवलेली पानं वाचण्यापेक्षा 'मांगा प्लस' हे प्रकाशकाचंच ॲप वापरा, त्यात पुष्कळ मालिकांची पहिली आणि ताजी प्रकरणं फुकट असतात. पान उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं, दोन दिवसांत सवय होते.

लहानांसाठी बालभारतीचं 'किशोर' आहे. 1971 पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत ठेवलेत. घरी पावरी बोलणारं पोर पहिलीत येतं तेव्हा मराठी त्याला परकीच असते. 2011 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची साक्षरता 64 टक्क्यांच्या आसपास होती, राज्यात सगळ्यांत कमी. अशा पोरापुढे नुसत्या अक्षरांचं पान ठेवलं तर ते मान खाली घालतं. चित्रांचं पान ठेवलं तर बोट ठेवून स्वतःच्या भाषेत बोलू लागतं. गुरुजी, बाई, त्याला तेव्हा मराठीत बोल म्हणून अडवू नका. आधी गोष्ट पूर्ण होऊ द्या.

15 ऑक्टोबरला शाळाशाळांत वाचन प्रेरणा दिन असतो. या वर्षी टेबलावर चरित्रांशेजारी चित्रकथाही मांडा. पुस्तकांना खाकी कव्हरं घालू नका, मुखपृष्ठं दिसू द्या. आणि मुलांना ती हाताळू द्या, पानं थोडी मळली तरी चालतील.