रंगाखालचे फोड

मुंबई बंदरात शिडाच्या छोट्या नौका बाळगणाऱ्यांचे वर्ष ऑक्टोबरात सुरू होते आणि मृगाच्या आधी नौका किनाऱ्यावर ओढून घेतल्या की संपते. मधल्या चार महिन्यांच्या सक्तीच्या विश्रांतीत जी काय डागडुजी व्हायची ती होते, आणि नवरात्राच्या सुमारास रंगाचे डबे उघडले की तळावरचे डाग, फोड आणि चिरा एका दिवसात दृष्टीआड होतात. ही रूढी मोडली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. फायबरग्लासच्या जुन्या नौकेवरील व्रण हे तिने दिलेले बयान असते, आणि ते नोंदवून घेण्याआधीच त्यावर रंगाचा हात फिरवणे म्हणजे साक्षीदाराचे तोंड दाबणे होय.

लाकडी गलबत कुजते, त्याला समुद्रातला किडा पोखरतो, हे कोकण किनाऱ्यावरील प्रत्येक तांडेलाला ठाऊक होते. म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिन यांची नौका प्रचारात आली तेव्हा, जी कुजत नाही आणि जिला किडा लागत नाही तिला देखभालीची गरजच काय, असा समज जगभर पसरला. पुढील पंचवीस-तीस वर्षांत फोडांनी तो खोटा ठरवला. नौकेच्या बाह्यांगावर जेलकोटचा जो सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा चकचकीत थर असतो, तो पाणी अडवतो असे आपण धरून चालतो. वस्तुतः तो पाण्याची गती मंद करतो, इतकेच. पाणी कणाकणाने आत झिरपते, रेझिनमध्ये राहून गेलेले ग्लायकोलसारखे विद्राव्य घटक त्यात विरघळतात, आणि असा दाट द्राव एकदा साचला की परासरणाच्या नियमाने तो बाहेरचे आणखी पाणी ओढू लागतो, त्याचा दाब वाढतो व जेलकोट उचलला जातो. पाणी जितके उबदार आणि जितके गोडे, तितकी ही क्रिया वेगवान. सबब आपल्या बंदराचे कोमट पाणी आणि नौकेच्या पोटात उपसा न करता राहू दिलेले पावसाचे पाणी, ही दोन्ही तिची वैरी आहेत.

माझी चाळीस वर्षांची नौका यंदा मे महिन्यात पाण्याबाहेर काढली, तेव्हा उन्हात तिचा तळ मला निर्दोष वाटला. उरणकडचे एक वृद्ध कारागीर सोबत होते, ते म्हणाले, "घाई नको, साहेब. काळोख पडू द्या, मग बघू." अंधार पडल्यावर त्यांनी विजेरी तळाला जवळजवळ टेकवून तिचा झोत तिरपा सोडला, आणि त्या अद्याप ओलसर पृष्ठावर मसुराएवढ्या, क्वचित रुपयाएवढ्या उंचवट्यांच्या सावल्या उमटल्या. प्रत्येकाभोवती आम्ही खडूने वर्तुळ काढले. एकूण सत्तेचाळीस भरली. आतला द्राव पिचकारीसारखा डोळ्यांत उडतो म्हणून चष्मा चढवून त्यांनी टोच्याने एक फोड फोडला, तेव्हा हातमोज्यावर तेलकट, चिकट थेंब आला. त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास होता आणि निळा लिटमस कागद त्याने लाल झाला. तेथून हातभर अंतरावरील दुसऱ्या फोडातून मात्र नुसते पाणी निघाले, रंगाची खपली सुटली आणि खालचा जेलकोट अखंड दिसला. तो रोग नव्हता. मागल्या वर्षी ओल्या पृष्ठावर मी घाईने लावविलेल्या रंगाचा तो दोष होता.

चिरांचेही निदान असेच वेगवेगळे. एका बिंदूपासून ताऱ्यासारख्या फुटलेल्या चिरा धक्क्यावर आपटल्याचा पुरावा देतात. आतल्या आडभिंतीला समांतर धावणाऱ्या चिरा तेथील कवच लवते आहे असे सांगतात, आणि ते लवणे थांबवल्याशिवाय त्या बुजवणे व्यर्थ आहे. कीलच्या मुळाशी पुढच्या बाजूला उघडलेली चीर दिसली तर रंगाचा विचारही मनात न आणता आधी बोल्ट तपासावेत. ओलावा मोजण्याचे यंत्र उपयोगी खरे, पण तळाच्या रंगातील तांब्यानेही ते फसते. मला त्याहून अधिक भरवसा वाटतो तो प्लास्टिकच्या लहान हातोडीचा. मडके वाजवून घेणाऱ्याला जे कळते तेच येथे कळते: टणक आवाज आला तर थर एकजीव आहेत, बद्द आला तर ते सुटले आहेत.

दोन-चार डझन फोड दिसताच सबंध तळाचा जेलकोट सोलून काढण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. खालचे थर टणक असतील तर हा खर्च बहुधा अनाठायी असतो. त्या फोडांनी नौका बुडत नाही. प्रत्येक फोड निरोगी काच लागेपर्यंत उघडावा, गोड्या पाण्याने पुनःपुन्हा धुवावा, पूर्ण वाळू द्यावा, आणि मगच घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरावा. खड्डा खोल असेल तर त्याच्या कडा खोलीच्या बारापट रुंदीपर्यंत उतरत्या घासून त्यात काचकापडाचे थर बसवावेत. यांतील कठीण काम एकच, ते म्हणजे वाळू देणे. उघड्या फोडांना आपला पाऊस फुकट धुऊन काढतो, ही निसर्गाची मेहेरबानी. पण खरे वाळणे सुरू होते ते ऑक्टोबरच्या उन्हात, म्हणजे नेमके ज्या आठवड्यात प्रत्येक मालकाला शिडे उभारण्याची ओढ लागते तेव्हा. अर्धा हंगाम सोडण्याची ज्याची तयारी नाही, त्याने फोड उघडूच नयेत. ओल्या काचेवर इपॉक्सीचे थर चढवणे म्हणजे शत्रूला आत कोंडून दार लावून घेणे आहे.

एक गोष्ट मला अत्यंत खटकते. ही घासाई करणारा मजूर तोंडाला रुमाल बांधून काचेची आणि विषारी रंगाची धूळ दिवसभर छातीत घेतो, आणि तीच धूळ भरतीबरोबर खाडीत जाते. कथिलयुक्त रंगांवर २००८ पासून आंतरराष्ट्रीय बंदी अमलात आहे, परंतु जुन्या नौकेच्या खालच्या थरांत ते अजून असू शकतात. पाणी मारून घासणे, खाली ताडपत्री अंथरणे आणि मजुराला योग्य मुखवटा देणे, यांची तजवीज व खर्च मालकाचाच असला पाहिजे.

जुनी नौका विकत घेणाऱ्याने ताजा रंग दिलेला तळ पाहून खूश होऊ नये. कोणत्या साली कोठे किती फोड निघाले, याचे दप्तर मागावे, आणि ते नसेल तर रंग खरवडून पाहण्याची परवानगी मागावी. बिघडली म्हणून टाकून दिलेली फायबरची नौका वितळवून दुसरे काही करता येत नाही, आणि ती कुजून मातीलाही मिळत नाही. खाडीच्या कडेला चिखलात रुतलेली अशी कवचे पाहिली म्हणजे, त्यांचे पहिले फोड कोणी वेळीच वाचले असते तर, असे मनात येऊन वाईट वाटते.

माझ्या नौकेच्या तळाला पॉलिथिनचा एक चौकोन चारी कडा चिकटवून लावला आहे. काल सकाळी पाहिले तेव्हा त्याच्या आतून बारीक थेंब जमलेले होते. शेजारच्या तीन नौका परवाच पाण्यात गेल्या. मी कारागिरांना निरोप पाठवला की, अजून पंधरा दिवसांनी या.