म्होरक्या मेला, टोळीचे काय?

कुप्रसिद्ध दहशतवादी म्होरक्या ठार झाला की त्या विजयाचे श्रेय घेणारे राज्यकर्ते घाईघाईने जनतेसमोर येतात आणि जग आता अधिक सुरक्षित झाल्याची द्वाही फिरवतात. २ मे २०११ रोजी पाकिस्तानातील अबटाबादेत ओसामा बिन लादेन मारला गेला तेव्हा ती फिरली. ऑक्टोबर २०१९ मध्ये इस्लामिक स्टेटचा स्वयंघोषित खलिफा अबू बक्र अल् बगदादी याने सीरियातील एका बोगद्यात कोंडी होताच अंगावरच्या स्फोटकांनी स्वतःचा शेवट करून घेतला, तेव्हाही फिरली. या नराधमांसाठी अश्रू ढाळणारांपैकी आम्ही नव्हेत. सुमारे तीन हजार निरपराधांची एका सकाळी राखरांगोळी करणाऱ्या लादेनला जे मिळाले ते त्याचे देणेच होते. आमचा वाद शासनाशी नाही. त्या शासनालाच धोरण समजून निर्धास्तपणे उशीवर डोके टेकणाऱ्या शहाण्यांशी आहे.

या समजुतीचे मूळ जुन्या लढायांत आहे. सेनापती दिसेनासा झाला की फौज फुटते, हे मराठी वाचकाला कोणी शिकवावयास नको. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडले, भाऊसाहेबांची अंबारी रिकामी दिसली, आणि दुपारपर्यंत सरशीत असलेली फौज बघता बघता उधळली. परंतु त्याच इतिहासाचे एक पान याच्या अगदी उलट आहे. मार्च १६८९ मध्ये औरंगजेबाने संभाजी महाराजांचा क्रूर वध केला, दक्षिण आता निष्कंटक झाली असा हिशेब मांडला, आणि पुढची अठरा वर्षे याच मुलखात तंबू ठोकून बसण्याची पाळी स्वतःवर आणून अखेर येथेच देह ठेवला. स्वराज्याची आणि आजच्या खुनी टोळ्यांची तुलना करण्याचे पाप आमच्या हातून कदापि घडणार नाही. आम्ही तुलना करतो ती औरंगजेबाच्या हिशेबाची आणि आजच्या राजधान्यांतील हिशेबनिसांची.

इराकचेच उदाहरण घ्या. तेथील अल् कायदाचा कर्दनकाळ अबू मुसाब अल् झरकावी ७ जून २००६ रोजी अमेरिकन विमानांच्या बाँबहल्ल्यात मेला. मग काय झाले? रक्तपात थांबला? त्या वर्षाचा उत्तरार्ध पूर्वार्धाहून भीषण गेला. संयुक्त राष्ट्रांनी त्या एका वर्षात मारल्या गेलेल्या इराकी नागरिकांची संख्या ३४ हजारांवर मोजली. त्या टोळीचे कंबरडे मोडले ते पुढच्या वर्षी, आणि तेही कोणा एकाच्या मरणाने नव्हे. अन्बार प्रांतातील ज्या सुन्नी जमाती तिला थारा देत होत्या त्याच तिच्या जुलमाला विटल्या आणि तिच्यावर उलटल्या. १८ एप्रिल २०१० रोजी टोळीचे दोन्ही प्रमुख एकाच छाप्यात संपले. पुन्हा नगारे वाजले. त्या रिकाम्या गादीवर जो येऊन बसला तोच हा बगदादी, ज्याला अमेरिकनांनी २००४ साली पकडून क्षुल्लक इसम म्हणून सोडून दिले होते! जमातींना दिलेली वचने बगदादच्या सरकारने वाऱ्यावर सोडली, शेजारच्या सीरियात यादवी माजली, आणि जून २०१४ मध्ये मोसुलसारखे दहा लाखांवर वस्तीचे शहर या माणसाच्या घशात गेले. दोन प्रमुख मारून झालेल्या टोळीचा हा चार वर्षांनंतरचा पराक्रम! बगदादीनंतरही एकामागून एक वारस मारले गेले; त्यांची नावे आज कोणाच्या ध्यानातही नाहीत. तरीही २२ मार्च २०२४ रोजी मॉस्कोजवळील संगीतगृहात त्याच टोळीच्या शाखेने १४० हून अधिक माणसे कापून काढली. नाव नसलेल्या म्होरक्याच्या काळातही टोळी खून पाडू शकते, याचा याहून धडधडीत पुरावा तो कोणता हवा?

प्रतिपक्षाकडे एक बिनतोड दाखला आहे आणि तो दडपून ठेवणे आमच्या स्वभावात नाही. पेरू देशातील ‘शायनिंग पाथ’ ही माओवादी संघटना अबीमाएल गुझमान या प्राध्यापकाच्या शब्दावर चालत होती. १२ सप्टेंबर १९९२ रोजी तो राजधानी लिमामध्ये हाती लागला आणि त्या क्षणापासून संघटनेला उतरती कळा लागली. वीस वर्षे चाललेल्या त्या संघर्षात मेलेल्या व बेपत्ता झालेल्या माणसांचा अंदाज तेथील सत्यशोधन आयोगाने २००३ साली सुमारे ६९ हजार दिला होता. अशा संघर्षाचा कणा एका अटकेने मोडावा, ही सामान्य गोष्ट नव्हे. पण वाचकहो, तो मोडला कसा, हे पाहावयास नको काय? गुझमान मारला गेला नाही. तो पकडला गेला. एका नृत्यशाळेवरच्या मजल्यावर तो लपला होता. पोलिसांच्या एका छोट्या पथकाने महिनोगणती पाळत ठेवली, घरातून बाहेर पडणारा केरकचरा उपसला, त्यात सिगारेटची थोटके आणि त्याच्या त्वचारोगावरील औषधांच्या रिकाम्या नळ्या शोधल्या आणि रक्ताचा थेंब न सांडता त्याला उचलले. देवपदाला पोचलेला हा माणूस पट्ट्यापट्ट्यांच्या कैदी वेषात पिंजऱ्यात उभा असलेला साऱ्या देशाने पाहिला. पुढच्याच वर्षी तुरुंगातून तो तहाची भाषा बोलू लागला. हुतात्म्याला तहाची भाषा बोलता येत नाही! शिवाय खेड्यापाड्यांतले शेतकरी त्याआधीच हत्यारे घेऊन त्याच्या अनुयायांविरुद्ध उभे राहिले होते. हे सारे वगळून ‘म्होरक्या गेला, चळवळ संपली’ एवढेच सांगणारे पेरूचा अर्धाच इतिहास सांगतात.

आता घरचा अनुभव. जून १९८४ मध्ये सुवर्णमंदिर परिसरातील लष्करी कारवाईत जर्नेलसिंग भिंद्रनवाले मारला गेला. पंजाबचा प्रश्न मिटला, असे त्या दिवशी दिल्लीत मानणारे थोडे नव्हते. प्रश्न मिटला नाही. त्याला तोंड फुटले. कारवाईने घायाळ झालेल्या श्रद्धेत आणि ३१ ऑक्टोबरला पंतप्रधानांची हत्या झाल्यावर दिल्लीत झालेल्या शिखांच्या अमानुष कत्तलीत, मेलेल्या म्होरक्याच्या अनुयायांना हवे तेवढे इंधन मिळाले. २३ जून १९८५ रोजी ‘कनिष्क’ विमान ३२९ प्रवासी व कर्मचाऱ्यांसह आकाशात फुटले. त्याच वर्षीच्या २० ऑगस्टला समेट करणारे संत लोंगोवाल गोळ्यांना बळी पडले. आणि १० ऑगस्ट १९८६ रोजी आमच्या पुण्यात, निवृत्त होऊन सामान्य नागरिकाप्रमाणे स्वतःची मोटार स्वतः हाकणाऱ्या जनरल अरुणकुमार वैद्यांना भर रस्त्यात टिपण्यात आले. भिंद्रनवालेला जाऊन तेव्हा दोन वर्षे उलटली होती. अमृतसरात मेलेल्या माणसाच्या नावाने चाललेल्या गोळ्या पुण्यापर्यंत पोचल्या. म्होरक्या मेल्याने धोका मरतो म्हणणारांनी याचा जबाब द्यावा.

१९८८ च्या मे महिन्यात त्याच मंदिरात अतिरेकी पुन्हा घुसले. या वेळी वेढा घालून पाणी-वीज तोडण्यात आली, वार्ताहरांच्या देखत वाट पाहण्यात आली, आणि हात वर करून शरण येणारे ‘वीर’ जगाने पाहिले. दहशत तेव्हाही संपली नाही; १९९० आणि १९९१ ही वर्षे तर काळरात्रच होती. परंतु तेजोवलय फिके पडण्यास तेथून प्रारंभ झाला. खंडणी, बलात्कार आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे खून यांना गावे विटली, पोलिसांना वर्दी मिळू लागली, आणि तेव्हा कोठे टोळ्यांचे म्होरके एकेक करून पडू लागले ते पडलेलेच राहिले. १९९३ च्या सुमारास पंजाब निवळला. त्या मोहिमेत पोलिसांकडून झालेल्या बेकायदा हत्यांवर पांघरूण घालण्याची आमची इच्छा नाही. सांगावयाचे ते एवढेच, की मारणे १९८४ सालीही झाले आणि १९९२ सालीही झाले. फरक पडला तो गावाने पाठ फिरवल्यामुळे.

‘मग तुरुंगात पोसायचे काय? कंदाहार विसरलात?’ असा प्रश्न येणार, हे आम्ही जाणतो. विसरलो नाही. डिसेंबर १९९९ मध्ये इंडियन एअरलाइन्सचे विमान पळवून मसूद अझरला सोडवून नेण्यात आले आणि त्याने लगेच जैश-ए-महंमद उभी केली, ही जखम ओलीच आहे. जिवंत म्होरक्या कोठडीत ठेवण्यात धोका असतो, हे मान्य. पण या सद्‌गृहस्थांनी स्वतःच्याच दाखल्याकडे नीट पाहावे. मसूद १९९४ पासून जम्मू-काश्मिरात गजाआड होता. तो गजाआड असता माणसे जमली, शस्त्रे मिळाली, काठमांडूहून विमान उचलले गेले आणि ते उतरण्यास तालिबानांची धावपट्टी सज्ज मिळाली. म्होरक्याविना हे सारे घडले! धावपट्टी देणारे हात, पैसा पुरवणारे हात, पारपत्रांची सोय लावणारे हात तुरुंगाबाहेर मोकळे होते आणि मसूद त्या तुरुंगात मेला असता तरी ते मोकळेच राहिले असते.

म्हणूनच एखादा म्होरक्या टिपल्याची वार्ता आली की ‘कोण मेला’ यापेक्षा ‘कोणाच्या घरात मेला’ हे आम्ही आधी विचारतो. लादेनचा वारस अयमन अल् जवाहिरी ३१ जुलै २०२२ रोजी काबुलात आपल्या घराच्या सज्जात उभा असता अमेरिकन ड्रोनच्या माऱ्यात मेला. अल् कायदाला आपली भूमी वापरू देणार नाही, असे तालिबानांनी फेब्रुवारी २०२० च्या दोहा करारात लिहून दिले होते. अबटाबादेतले लादेनचे घर पाकिस्तानच्या लष्करी प्रबोधिनीपासून जेमतेम मैलभरावर होते आणि तेथे तो पाच वर्षांहून अधिक काळ सुखेनैव नांदला. फेब्रुवारी २०१२ मध्ये ते घर जमीनदोस्त करण्यात आले. त्याचा माग काढण्यास अमेरिकेला साहाय्य करणारा डॉक्टर शकील आफ्रिदी त्याच वर्षी भलत्याच आरोपाखाली दीर्घ कारावासात गेला. चौकशी आयोगही नेमला गेला. त्याचा अहवाल मात्र पाकिस्तान सरकारने अधिकृतपणे प्रसिद्ध केला नाही.