तेजोमेघाची साक्ष

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावच्या एका छायाचित्र-प्रदर्शनात घडलेला प्रकार आम्ही अद्याप विसरू शकलेलो नाही. एका महाविद्यालयीन तरुणाने मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे छायाचित्र तेथे मांडले होते. जांबोटीच्या माळावर सहा रात्री कुडकुडत त्याने ते घेतले होते आणि पुढे महिनाभर संगणकापुढे बसून सिद्ध केले होते. परीक्षकांतील एका विद्वान गृहस्थांनी त्याला एकच प्रश्न विचारला, "डोळ्यांना हे असे दिसते काय?" मुलगा प्रामाणिक, तो म्हणाला, "नाही." "मग हे छायाचित्र नव्हे, चित्रकला आहे," असा निकाल तत्क्षणी लागला आणि चित्र भिंतीवरून उतरले. आरोपीचे म्हणणे ऐकून न घेता दिलेला निकाल आमच्या धंद्यात टिकत नाही. तो येथेही टिकू नये, म्हणून वाचकांच्या दरबारी हे अपील.

मुळात प्रश्नच गैरलागू होता. मानवी डोळा अंधारात रंग ओळखत नाही आणि क्षणभरापलीकडे प्रकाश साठवूनही ठेवीत नाही. छायाचित्राची काच मात्र तासभर प्रकाश साठवू शकते. ३० सप्टेंबर १८८० रोजी हेन्री ड्रेपर या अमेरिकन डॉक्टरांनी ५१ मिनिटांचे एक्स्पोजर देऊन याच तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले. १८८३ साली इंग्लंडमधील अँड्र्यू एन्स्ली कॉमन यांनी ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीने त्याचे जे छायाचित्र घेतले, त्यात दुर्बिणीतून पाहणाऱ्या डोळ्यालाही न दिसलेले तारे उमटले. कॉमन पेशाने अभियंते, खगोलशास्त्रात केवळ हौशी; तरी पुढच्याच वर्षी रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. डोळ्यांना दिसेल तेवढेच खरे, हा नियम एवंच १४० वर्षांपूर्वीच रद्द झाला आहे. परीक्षक महाशयांना त्याची वार्ता नव्हती, एवढेच.

आता 'संस्कार' या शब्दाकडे वळू. कारण खरा आक्षेप त्यावरच आहे. कॅमेरा जे टिपतो त्यात तेजोमेघाचा प्रकाश असतो, तशीच यंत्राची स्वतःची खरखर, भिंगावरील धूळ आणि शहरी दिव्यांची झाकही असते. म्हणून हौशी छायाचित्रकार दुर्बिणीचे तोंड झाकून, तेवढ्याच तापमानाला व तेवढ्याच वेळेची 'डार्क' चित्रे घेतो आणि यंत्राचा दोष वजा करतो. एकसारख्या उजळ पृष्ठभागाची 'फ्लॅट' चित्रे घेऊन तो धुळीचे डाग व कडांचा अंधार काढून टाकतो. मग एकाच दृश्याची शेकडो चित्रे ताऱ्यांवर तारे जुळवून एकत्र करतो. शंभर चित्रांची सरासरी काढली की खरखर एक दशांश उरते आणि तेजोमेघ तेवढाच राहतो. शेवटी मंद छटा उजळ करतो. यांतील कोणत्या पायरीवर त्याने पदरचे काही घातले? साक्षीदार हळू बोलत असेल तर न्यायालय पंखे बंद करवते. त्यामुळे साक्ष खोटी ठरत नाही, ती ऐकू येते.

रंगांचा आक्षेपही असाच. तेजोमेघातील हायड्रोजन ६५६.३ नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश देतो आणि ऑक्सिजन ५००.७ नॅनोमीटरचा हिरवट-निळा. हे कोणा चित्रकाराच्या कुंचल्याने ठरवलेले नाही, वर्णपटाने ठरवले आहे. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत कावसजी नायगमवाला यांनी १८९० च्या सुमारास याच मृगातील तेजोमेघाचा वर्णपट अभ्यासला होता. हबल दुर्बिणीच्या १९९५ सालच्या प्रसिद्ध 'सृष्टीच्या स्तंभां'त गंधकाला तांबडा, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग नेमून दिला होता. नकाशात कर्नाटक पिवळे व गोवे गुलाबी छापले म्हणून कोणी भूगोलावर फिर्याद करीत नाही. संकेत उघड सांगितला की पुरे.

परंतु आम्ही केवळ बचावाचे वकील नाही. खोटी साक्षही या क्षेत्रात आहे आणि ती वाढते आहे. २०२३ साली एका भ्रमणध्वनीची गोष्ट गाजली. चंद्राचे मुद्दाम अंधुक केलेले चित्र त्याला दाखवले, तरी त्याने त्यावर विवरांचे बारकावे उमटवले. ते बारकावे समोरच्या दृश्यात नव्हतेच. यंत्राच्या शिकवणुकीत होते. वाचकहो, आमचेही हात स्वच्छ नाहीत. आमच्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही खरखर पुसण्याची कळ इतकी दाबली, की तेजोमेघाच्या कडेला रेशमी तंतू उमटले. स्नेह्यांनी वाहवा केली आणि आम्ही ती घेतली. दुसऱ्या वर्षी तिप्पट वेळ एक्स्पोजर दिले, तेव्हा तेथे तंतू नव्हतेच! ते चित्र आम्ही खाली उतरवले. म्हणजे भिंतीवरून उतरण्यास पात्र असे चित्र गावात होते. पण ते त्या मुलाचे नव्हते.

तेव्हा खऱ्याखोट्याची रेषा कोठे आखावी? कायद्याने हा प्रश्न सोडवलेला आहे. संगणकीय नोंद पुराव्यात आणायची तर ती कशी तयार झाली याचे प्रमाणपत्र जोडावे लागते. मूळ यंत्रच न्यायालयात हजर केले नसेल तर हे प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली खोतकर प्रकरणात सांगितले. आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमातही प्रमाणपत्राची अट आहे. संगणकाला हात लागला म्हणून पुरावा बाद करा, असे कायदा म्हणत नाही. कसा हात लागला ते सांगा, असे तो म्हणतो.

शिवाय खऱ्या साक्षीला पुष्टी मिळू शकते. फ्रान्स व जर्मनीतील तिघा हौशी मंडळींना देवयानी दीर्घिकेच्या शेजारी ऑक्सिजनची एक प्रचंड कमान आढळली. ज्या भागाची असंख्य छायाचित्रे पूर्वी घेतली गेली होती, तेथेच शंभरांहून अधिक तासांच्या एक्स्पोजरनंतर ती दिसली. त्यांनी लगेच डंका पिटला नाही. इतर ठिकाणच्या इतर दुर्बिणींनी ती पडताळली आणि मगच २०२३ साली शोध प्रसिद्ध झाला. मोठ्या वेधशाळांनी सर्व काही टिपले आहे, हौशी माणसाने कशाला जागावे, असे विचारणाऱ्यांनाही हेच उत्तर आहे.

म्हणून प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळींकडे आमची मागणी साधी आहे. प्रत्येक चित्राखाली स्थळ, रात्री, एक्स्पोजर, गाळण्या, रंगसंकेत आणि केलेले संस्कार लिहून घ्या. मूळ चित्रे मागाल तेव्हा दाखवण्याची हमी घ्या. जो लिहून देईल त्याचे चित्र टांगा; जो टाळेल त्याचे खुशाल उतरवा. आणि त्या मुलाला परत बोलवा. परीक्षकाच्या प्रश्नाला त्याने दिलेले "नाही" हे उत्तर गुन्ह्याची कबुली नव्हती. त्या सभागृहात त्या दिवशी दिलेली ती सर्वांत खरी साक्ष होती.