पदवीनंतर शिक्षक: वाटा उघडणारे आणि वाटा मिटवणारे

नव्या शैक्षणिक धोरणानुसार गोव्यातील महाविद्यालयांत २०२३ साली प्रवेश घेतलेली पहिली तुकडी २०२६ मध्ये पदवीचे तिसरे वर्ष पूर्ण करते. तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडायचे की चौथे वर्ष करून ऑनर्स पदरात पाडून घ्यायचे, हा प्रश्न या मुलांपुढे आहे. त्यांच्यातील ज्यांना शिक्षकी पेशात जायचे आहे, त्यांच्यापुढे तर त्याच प्रश्नाला आणखी चार फाटे फुटतात. आपल्या देशात पदवीधराला शिक्षक होण्यासाठी नेमकी वाट कोणती, याचे उत्तर गेल्या दहा वर्षांत इतक्या वेळा बदलले आहे की आज दिलेला सल्ला तीन वर्षांनी खरा ठरेल याची हमी कोणी प्राध्यापक देऊ शकणार नाही.

२०१४ च्या नियमावलीने बी.एड. एका वर्षाचे दोन वर्षांचे केले. २०१५ पासून ते अमलात आले. शिक्षकाचे प्रशिक्षण उथळ झाले आहे, शाळेतील प्रत्यक्ष अनुभवाला वेळच मिळत नाही, ही त्यामागची भूमिका होती आणि ती रास्त होती. २०२० च्या धोरणाने एक वर्षाच्या बी.एड.ला पुन्हा दार उघडले. मात्र चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठीच. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या नियमावलीचा जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यात हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. ‘बी.एड. आता एका वर्षात’ असे मथळे तेव्हा झळकले. पण हिशेब करून पाहावा. तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांचे बी.एड. मिळून पाच वर्षे होतात. चार वर्षांची पदवी आणि एक वर्षाचे बी.एड. मिळूनही पाचच होतात. पदवीच्या वर्गातील विद्यार्थ्याचा एकही महिना वाचत नाही. फक्त एक वर्ष अध्यापनाच्या खात्यातून उचलून विषयाच्या खात्यात जमा होते. एम.ए., एम.एस्सी. झालेल्यांचे मात्र खरोखर एक वर्ष वाचते, आणि उच्च माध्यमिक वर्गांना त्यांची गरजही आहे.

बारावीनंतरचा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम हा धोरणाचा लाडका मार्ग. २०२३-२४ पासून देशातील ५७ संस्थांत त्याचा प्रायोगिक आरंभ झाला आणि २०३० पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता हीच असावी असे धोरण म्हणते. कागदावर तो सर्वांत सुटसुटीत आहे. परंतु त्यासाठी सतराव्या-अठराव्या वर्षीच ‘मला शिक्षक व्हायचे आहे’ असे ठरवावे लागते. आपल्या घरांतून बारावीला असे ठरवणारी मुले किती असतात? शिक्षक होण्याचा विचार बहुतेकांच्या मनात पदवीच्या शेवटच्या वर्षात किंवा त्यानंतर, कधी शिकवण्या घेता घेता, कधी लग्नानंतर येतो. धोरणाच्या आखणीत या उशिरा वळलेल्या माणसाची जागा अरुंद होत चालली आहे.

माध्यमिक शाळेत जाऊ इच्छिणाऱ्याला निदान वाट दिसते तरी. खरी परवड झाली ती प्राथमिक शाळेकडे वळलेल्या पदवीधरांची. जून २०१८ मध्ये परिषदेने अधिसूचना काढून बी.एड.धारकांना पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी पात्र ठरवले. नेमणूक झाल्यापासून दोन वर्षांच्या आत सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम पूर्ण करावा, एवढी अट होती. देशभरात बी.एड.धारकांची संख्या मोठी आणि माध्यमिक शाळांतील जागा थोड्या, तेव्हा लाखो तरुण या वाटेने निघाले. राजस्थान उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ही अधिसूचना रद्द केली आणि ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. प्राथमिक वर्गासाठी डी.एल.एड. हीच पात्रता, बी.एड. हे वरच्या वर्गांचे प्रशिक्षण आहे, ते लहान मुलांना शिकवण्याचे कौशल्य देत नाही, असा निकालाचा गाभा होता. एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने आधीच्या नेमणुकांना काही अटींवर संरक्षण दिले. दोन वर्षांत करावयाचा तो सेतू अभ्यासक्रम मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत प्रत्यक्षात आला तो २०२५ मध्ये, म्हणजे अधिसूचनेनंतर सात वर्षांनी. पूल बांधण्याआधीच लोकांना नदीत उतरवले होते.

ज्यांना संरक्षण मिळाले नाही त्यांचे काय झाले, हे छत्तीसगडमध्ये दिसले. तेथील सुमारे २,९०० बी.एड.धारक प्राथमिक शिक्षकांची सेवा २०२४ अखेर आणि २०२५ च्या आरंभी संपुष्टात आली. महिनोन्‌महिने आंदोलन चालले. शेवटी त्यांतील अडीच हजारांहून अधिक जणांना सरकारने प्रयोगशाळेच्या सहायक शिक्षकाच्या पदावर सामावून घेतले. या शिक्षकांनी कोणताही नियम मोडला नव्हता. जाहिरातीत जी पात्रता छापली होती ती त्यांच्याकडे होती.

मला तरीही न्यायालयाचा निष्कर्ष पटतो, आणि त्याचे कारण गोव्यातीलच आहे. पेडण्यातील, सत्तरीतील वा काणकोणातील एखाद्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत पहिलीच्या वर्गात आज कोण बसलेले असते? घरी कोंकणी बोलणारी मुले असतातच. त्यांच्या जोडीला बांधकामावर, कारखान्यात, मासळीच्या धंद्यात काम करणाऱ्या स्थलांतरितांची मुले असतात. कोणाच्या घरी कन्नड, कोणाच्या घरी हिंदी, कोणाच्या घरी तेलुगू. पाठ्यपुस्तक मराठीत. या मुलाला अक्षराचा आकार आणि आवाज यांची सांगड घालायला शिकवणे, अजून अंगवळणी न पडलेल्या भाषेत त्याला वाक्य वाचते करणे, वजाबाकीत हातचा का घ्यायचा हे चिंचोक्यांच्या आधाराने दाखवणे, ही कामे रसायनशास्त्राच्या पदवीने येत नाहीत. दहावीला इतिहास उत्तम शिकवणाऱ्या बाई पहिलीच्या वर्गात गोंधळून जातात, यात त्यांचा दोष नाही. शिवाय अनेक शाळांत एकच शिक्षक दोन-तीन इयत्ता एकत्र सांभाळतो. एका इयत्तेला लेखन देऊन दुसरीला गोष्ट सांगायची आणि तिसरीच्या भांडणाकडेही एक डोळा ठेवायचा, ही हातोटी पाठ्यक्रम वाचून लाभत नाही. पटसंख्या घसरल्याने मराठी शाळा बंद पडत आहेत, असे आपण म्हणतो. पालक शाळा सोडतात त्याची कारणे अनेक आहेत, इंग्रजीची ओढ हे त्यांतले मोठे. पण दुसरीतल्या मुलाला वाचता येत नाही हे पालकाला कळते, आणि मग शाळेच्या बाजूने बोलायला फारसे काही उरत नाही.

तेव्हा पदवी ही प्राथमिक शिक्षकपदाची आडवाट होऊ शकत नाही, हे मान्य करावे लागते. परंतु मग एकवीस-बावीस वर्षांच्या पदवीधराने काय करावे? डी.एल.एड.ला प्रवेशाची पात्रता बारावी आहे. पदवीधरालाही तेथे दोन वर्षे अठरा वर्षांच्या मुलामुलींसोबत तोच अभ्यासक्रम पहिल्यापासून करावा लागतो. तीन वर्षांच्या अभ्यासाची, वयाची, त्याने शिकवण्यांतून कमावलेल्या अनुभवाची तेथे काहीही किंमत होत नाही.

मधली वाट काढण्याचा एक मोठा प्रयोग आपल्याकडे झाला आहे. शिक्षणहक्क कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन सेवेतील अप्रशिक्षित शिक्षकांना ३१ मार्च २०१९ ची मुदत दिली गेली आणि मुक्त विद्यालयी संस्थेने त्यांच्यासाठी अठरा महिन्यांचे डी.एल.एड. चालवले. दहा लाखांहून अधिक शिक्षकांनी नाव नोंदवले. धडे संगणकावर आणि दूरचित्रवाणीवर, संपर्कवर्ग सुट्टीत, सराव आपल्याच शाळेत. मागाहून प्रश्न आला की ही पदविका घेऊन दुसरीकडे नोकरीला अर्ज करता येतो का. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सांगितले की ती दोन वर्षांच्या पदविकेच्या तोडीची नाही. डिसेंबर २०२४ मध्ये खुलासा झाला की १० ऑगस्ट २०१७ रोजी जे सेवेत होते आणि ज्यांनी मुदतीत ती पूर्ण केली त्यांची ग्राह्य धरावी. कागद तोच, पण तो हाती पडला त्या वर्षी आणि त्या वर्षानंतर त्याचा अर्थ वेगवेगळा.

आधी नेमणूक आणि मागाहून प्रशिक्षण ही रीत नवी नाही. मुक्तीनंतर गावोगावी मराठी शाळा उघडल्या तेव्हा गोव्यानेही तीच वापरली. मॅट्रिक झालेल्यांना मास्तर केले गेले, काही सीमेपलीकडून आले, आणि प्रशिक्षण पुढे झाले. त्या पिढीने गोवा साक्षर केला, हे विसरता येत नाही. मध्य प्रदेशात १९९७ च्या शिक्षण हमी योजनेखाली ‘गुरुजी’ नेमले गेले, महाराष्ट्रात शिक्षणसेवक आले, आपल्याकडे सर्व शिक्षा अभियानाखाली पॅरा शिक्षक. फरक इतकाच की मुक्तीनंतरच्या मास्तराला कायम नोकरी आणि गावात मान होता. नंतरच्या योजनांत कमी पगार हाच योजनेचा आधार होता. पर्यायी मार्ग हा शब्द आपल्याकडे बदनाम झाला तो यामुळे: सरकारने तो शिक्षक घडवण्यासाठी कमी आणि खर्च वाचवण्यासाठी जास्त वापरला.

अन्यत्र या शब्दाचा अर्थ थोडा वेगळा आहे. अमेरिकेत न्यू जर्सीने १९८० च्या दशकाच्या मध्यास पदवीधरांना तात्पुरता परवाना देऊन थेट वर्गात पाठवण्यास सुरुवात केली. पण पगार पूर्ण, सोबतीला शाळेतील अनुभवी मार्गदर्शक आणि त्याच काळात ठरावीक तासांचे प्रशिक्षण. परवाना कायम व्हायचा तो या सर्वांनंतर. तेथेही तक्रारी आहेत. मार्गदर्शकाला वेळ नसतो, अवघड शाळांत नवख्यांचीच भरती होते, पुष्कळ जण लवकर सोडून जातात. आपल्याकडे २००९ पासून मुंबई-पुण्यात सुरू झालेली ‘टीच फॉर इंडिया’ ही पाठ्यवृत्ती अनेकांना ठाऊक आहे. तीत पदवीधर दोन वर्षे गरीब वस्तीतील शाळांत शिकवतात. मात्र ती दोन वर्षे संपली तरी त्यांना शिक्षकाची पात्रता लाभत नाही. ज्याला त्यानंतर या पेशात राहायचे असेल त्याने पुन्हा बी.एड.च्या पहिल्या दिवसापासून आरंभ करायचा.

आजच्या दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये सोळा आठवड्यांची शालेय आंतरवासिता आहे. तिचे प्रत्यक्षात काय होते, हे कोणत्याही मुख्याध्यापकाला विचारावे. आलेल्या विद्यार्थ्यांना गैरहजर शिक्षकांच्या तासांवर पाठवले जाते, ठरलेले पाठ वहीत नोंदवले जातात, निरीक्षक धावती भेट देतात. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोगापुढे मुळात महाराष्ट्रातील जवळजवळ तीनशे डी.एड. संस्थांच्या मान्यतेचा प्रश्न होता, आणि २०१२ च्या त्याच्या अहवालाने खासगी अध्यापक विद्यालयांच्या दर्जाविषयी फार कठोर निष्कर्ष काढले. वर्षे वाढवून तो दर्जा आपोआप वाढला नाही. म्हणून वर्षे घटवली की तो बुडेल, हा युक्तिवादही मला पूर्णपणे पटत नाही. नवख्याच्या तासाला मागच्या बाकावर कोणी अनुभवी शिक्षक बसतो का आणि तास संपल्यावर त्याच्याशी बोलतो का, हे अभ्यासक्रमाच्या लांबीपेक्षा अधिक महत्त्वाचे आहे.

गोवा सरकार यात काय करू शकते? पात्रता ठरवण्याचा अधिकार कायद्याच्या कलम २३ नुसार परिषदेकडे आहे. राज्य स्वतःची पात्रता निर्माण करू शकत नाही. तरी दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. पहिली, पर्वरीच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतील डी.एल.एड.च्या विद्यार्थ्यांना आंतरवासितेच्या काळात विद्यावेतन देणे आणि त्यांना एकशिक्षकी शाळांत निवडक अनुभवी शिक्षकांबरोबर दीर्घकाळ ठेवणे. अशा शाळेला दुसरा हात मिळेल आणि पदवीधराला पुन्हा दोन वर्षे घरच्यांपुढे हात पसरावा लागणार नाही. दुसरी, येत्या पाच वर्षांत प्राथमिक आणि माध्यमिक शाळांतून किती शिक्षक, कोणत्या माध्यमाचे, कोणत्या तालुक्यातून निवृत्त होणार याची यादी प्रसिद्ध करणे. छोट्या राज्याला हे अवघड नाही. सेवापुस्तके खात्याकडेच आहेत. जागा किती हे ठाऊक नसताना मुलांनी पाच-पाच वर्षांचे बेत आखावेत, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. जाता जाता एक विसंगती नोंदवतो. स्थानिक कला-कौशल्याच्या जाणकारांना छोटे प्रशिक्षण देऊन शाळेत शिकवायला बोलवावे, असे २०२० चे धोरण सुचवते. गावातील पखवाजवादकाला ही वाट मोकळी होत असेल तर उत्तमच. पण तीन वर्षे विनावेतन मुलांना वाचायला शिकवलेल्या पदवीधराच्या अनुभवाची मोजदाद करणारी तरतूद त्यात मला सापडली नाही.

पात्रता परीक्षेचा फेरा याहून वेगळा. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने सेवेतील शिक्षकांनाही टीईटी अनिवार्य केली. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असणाऱ्यांना ती दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावी लागेल. ज्यांची पाच वर्षांहून कमी सेवा उरली आहे त्यांची नोकरी राहील, पण बढती हवी असल्यास परीक्षा द्यावी लागेल. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला आहे. वीस वर्षे शिकवलेल्या बाईंनी आता पोरासोबत अभ्यासाला बसायचे, यावर शिक्षकांत नाराजी आहे आणि ती समजण्याजोगी आहे. नव्या उमेदवाराने मात्र यातून एवढे ध्यानात घ्यावे की पदविका वा पदवी कोणतीही असो, टीईटीवाचून पहिली ते आठवीच्या वर्गात प्रवेश नाही.

२०२६ मध्ये तिसरे वर्ष संपवणाऱ्यांपैकी ज्याला लहान मुलांत रमायचे आहे, त्याने बी.एड.च्या नादी न लागता सरळ डी.एल.एड.चा अर्ज भरावा; २०१८ ची सवलत परत येईल या आशेवर राहू नये. ज्याला माध्यमिक शाळेत विषय शिकवायचा आहे, त्याने चौथ्या वर्षाचा निर्णय एक वर्षाच्या बी.एड.च्या भरवशावर घेण्यापूर्वी गोव्यातील कोणत्या अध्यापक महाविद्यालयाला त्या अभ्यासक्रमाची मान्यता मिळाली आहे हे लेखी विचारून घ्यावे. मान्यतेचे पत्र हाती नसताना माहितीपत्रक छापणाऱ्या संस्था या क्षेत्रात पूर्वीही होत्या.