संदेष्टा कचऱ्याच्या गाडीमागं चालतो

पाद्र्याचं नाव काढलं की आपल्या पोरांच्या कपाळाला आठी पडते. एक म्हणतो, धर्म म्हणजे अफू. दुसरा म्हणतो, मिशनवाले म्हणजे दुधाची पावडर आणि जुने कपडे. तिसरा म्हणतो, आपण बौद्ध, आपल्याला येशूशी काय देणंघेणं? तिघांचीही वाक्यं मला पाठ आहेत. तिघांनाही माझा एकच सवाल : तुमच्या गल्लीतला कचरा सकाळी कोण उचलतो, त्याचं नाव तुम्हाला ठाऊक आहे काय? नसेल तर अफूवरचं भाषण मला ऐकवू नका. मला आज अशा एका पाद्र्याबद्दल बोलायचंय, ज्यानं कचरा उचलणाऱ्यांच्या संपासाठी अख्खं शहर अडवून धरलं.

आधी शब्द साफ करून घेऊ. संदेष्टा म्हणजे भविष्य सांगणारा पोपटवाला नव्हे. जुन्या करारातला आमोस घ्या. ख्रिस्तापूर्वी आठव्या शतकातला माणूस. तकोवा गावचा मेंढपाळ, उंबराच्या झाडांवर राबणारा. पुरोहिताच्या घरातला नाही. हा गडी बेथेलच्या देवळापुढं जाऊन उभा राहिला. म्हणाला, तुमचे सण, तुमचे होम, तुमची भजनं देवाला नकोत. तुम्ही मापात मारता, गरिबाला जोड्याच्या भावात विकता, वेशीतला न्याय पैसे घेऊन फिरवता. पुरोहित अमस्यानं राजाकडं चुगली केली आणि आमोसला सांगितलं, तुझ्या मुलखात चालता हो. पुरोहित आणि राजा एकमेकांची पाठ कशी खाजवतात हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

तेव्हा संदेष्ट्याच्या कामाला दोन अंगं. एक, सत्तेच्या तोंडावर आरोप. दोन, ज्याच्या बाजूनं आरोप केला त्याच्या चुलीपर्यंत जाणं. आरोप नसलेली सेवा ही भीक असते. काम नसलेला आरोप ही शिमग्याची बोंब असते. ही दोन वाक्यं मी चर्चलाही लावतो आणि आपल्या चळवळीलाही लावतो. कुणाला झोंबली तर झोंबू देत.

चर्चचा हिशेब आधी. ह्या देशात त्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले. मनूच्या वारसांनी दार लावलं होतं तेव्हा आपल्यातल्या कितीकांनी पाटी तिथंच धरली. हे नाकारणारा कृतघ्न. पण आरोपाचं अंग? तामिळनाडूत चर्चच्या आत जात गेली, बाकांवर जात गेली, मेल्यावर दफनभूमीत भिंत घालून जात गेली. कुंपणाच्या अलीकडं एक ख्रिस्त, पलीकडं दुसरा. बाबासाहेबांनी भारतीय ख्रिस्ती समाजावर ठपका ठेवलाय तो हाच : हा समाज शिकला, पण सामाजिक अन्यायाविरुद्ध कधी उठला नाही. बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडलं आणि तोंडाला कुलूप लागलं, असा हा प्रकार. अशा चर्चला मी संदेष्ट्याचं चर्च म्हणत नाही. ते धर्मादाय दुकान आहे.

आता मेंफिसला चला. अमेरिकेतलं टेनेसी राज्य. १ फेब्रुवारी १९६८. पाऊस पडत होता. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन काळे सफाई कामगार आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीच्या मागच्या पोटात शिरले. गाडी जुनी, खराब. कचरा दाबायचं यंत्र आपोआप सुरू झालं आणि दोघं चिरडून मेले. कचऱ्यासारखे. त्याच्या आदल्या दिवशी पावसाचं कारण सांगून काळ्या कामगारांना बिनपगारी घरी धाडलं होतं. गोऱ्या मुकादमांचा पगार मात्र चालू.

ही माणसं गोऱ्यांच्या परसातनं कचऱ्याच्या पाट्या डोक्या-खांद्यावरनं वाहायची. गळक्या पाट्या, त्यातनं घाण पाणी आणि किडे अंगावर. दिवसभर राबून पगार इतका की कितीकांची घरं सरकारी मदतीवर चालायची. १२ फेब्रुवारीला सुमारे १३०० कामगारांनी काम बंद केलं. महापौर हेन्री लोब म्हणाला, संप बेकायदा आहे. २३ फेब्रुवारीला मोर्चावर पोलिसांनी डोळे जाळणारा फवारा मारला. त्यात पाद्रीही होते. दुसऱ्या दिवशी काळ्या पाळकांनी बसून संपाच्या पाठिंब्याची समिती केली आणि जेम्स लॉसन ह्या मेथॉडिस्ट पाळकाला पुढारी नेमलं.

समितीनं केलं काय? फक्त प्रार्थना? फक्त निषेधाचे ठराव? नीट वाचा. रविवारच्या उपासनेत संपकऱ्यांसाठी झोळी फिरली. चर्चमधनं धान्य आणि कपडे वाटले गेले. शहराच्या मध्यभागातल्या दुकानांवर बहिष्कार घातला. संपाविरुद्ध लिहिणाऱ्या दोन्ही वर्तमानपत्रांवरही बहिष्कार घातला. क्लेबर्न टेंपल नावाचं चर्च मोर्चाचा तळ झालं. रोज तिथनं माणसं निघायची, गळ्यात फलक, फलकावर एवढंच : मी माणूस आहे.

मी माणूस आहे. हे वाक्य आपल्या कानाला परकं आहे का? २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर ओंजळ भरली ती कशासाठी? पाण्याची चव बघायला नव्हे. आम्हीही माणसं आहोत हे ठासून सांगायला. एकेचाळीस वर्षांनी, सातासमुद्रापलीकडं, कचरावाल्याच्या गळ्यात तेच वाक्य लटकत होतं. वर्णद्वेषाच्या मुळाशी समोरचा माणूस माणूसच नाही ही समजूत आहे, असं लॉसन तिथं सांगत होता. जातीची व्याख्या ह्याहून वेगळी काय करणार?

लॉसननंच मार्टिन ल्यूथर किंगला बोलावलं. १८ मार्चला किंग आला, बोलला. २८ मार्चच्या मोर्चात दंगल उसळली, सोळा वर्षांचा लॅरी पेन पोलिसांच्या गोळीनं मेला. किंगचे सल्लागार म्हणत होते, दिल्लीएवढी मोठी वॉशिंग्टनची मोहीम समोर आहे, ह्या कचऱ्याच्या भांडणात कशाला पडतोस? तो परत आला. ४ एप्रिलला मोटेलच्या गॅलरीत त्याला गोळी घातली. नोबेल मिळालेला माणूस झाडूवाल्यांच्या संपात मेला. आणि ५ एप्रिलला पाद्र्यांचा घोळका महापौराच्या कचेरीवर गेला, त्यात आता गोरेही होते. गोळी सुटल्यावर जाग येणारे सगळीकडं असतात. १६ एप्रिलला समझोता झाला : युनियनला मान्यता, पगारवाढ.

आता ह्या लॉसनचा पत्ता सांगतो म्हणजे दचकाल. १९५३ ते १९५६ हा माणूस आपल्या नागपुरात होता. हिस्लॉप कॉलेजात. कोरियाच्या युद्धात भरती व्हायला नकार देऊन तुरुंग भोगून आलेला तरुण मिशनरी. गांधींचं सत्याग्रहाचं तंत्र शिकायला आला, शिकला आणि १९५६ साली परत गेला. पुढं नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांना त्यानंच तालीम दिली. १९६० साली ती पोरं गोऱ्यांच्या हॉटेलात काउंटरवर जाऊन बसली, मार खाल्ला, पण उठली नाहीत. लॉसन ९ जून २०२४ ला वारला.

नागपूर! त्याच शहरात, त्याच १९५६ साली, १४ ऑक्टोबरला लाखो माणसांनी एका दिवसात देव बदलले, नावं बदलली, मान वर केली. जगातला एवढा मोठा बिनरक्ताचा उठाव. पण मेंफिसला गेला तो नागपूरचा गांधी. नागपूरचा आंबेडकर का नाही गेला? हा दोष मी लॉसनच्या माथी मारत नाही. आपला माल आपण जगापुढं मांडला का, एवढंच विचारतो. उलट आपण तिकडनं उचललं काय, तर नाव. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली, नाव आलं ब्लॅक पँथरवरनं. डरकाळी घेतली, चांगलं केलं. त्या डरकाळीनं गावगुंडांची झोप उडाली, कोण नाकारतो? पण ओकलंडच्या पँथरनं जानेवारी १९६९ मध्ये शाळेच्या पोरांना फुकट न्याहारी सुरू केली ती सेंट ऑगस्टीन चर्चमध्ये, अर्ल नील नावाच्या पाद्र्याच्या आसऱ्यानं. अंडी, पाव, दूध. एफ.बी.आय.चा हूव्हर बंदुकीला भ्यायला तसा ह्या न्याहारीलाही भ्याला. कारण भुकेल्या पोराला न्याहारी देताना तू भुकेला का आहेस हे कुणी सांगितलं तर सरकार हादरतं. ही न्याहारी आपण उचलली नाही.

इथं आपल्यातला शहाणा म्हणेल, ही सुधारणावादी कामं आहेत, संस्थावाल्यांची. आधी व्यवस्था बदलू, मग न्याहारी. असं? माझा बाप म्युनिसिपालटीच्या कचऱ्याच्या गाडीवर होता. हजेरी चौकीवर पहाटे पाचला नाव लागायचं. दहा मिनिटं उशीर, तर खाडा. गमबूट कागदावर यायचे, पायात कधी आले नाहीत. त्याच्या हाताचा वास साबणानं गेला नाही. तीस वर्षांत आमच्या वस्तीत व्यवस्था बदलायला निघालेले पुष्कळ आले. जयंतीची वर्गणी मागून गेले. पहाटे पाचला चौकीवर एकही आला नाही. व्यवस्था पहाटे पाचला तिथंच उभी असते, वही घेऊन. तिथं तिला गाठायचं नाही तर कुठं गाठायचं?

बाबासाहेबांना हे कळत होतं. मुंबईत म्युनिसिपल कामगारांची संघटना त्यांनी स्वतः उभी केली. आपण त्यांचा कोट घेतला, ती संघटना विसरलो. झाडू कुणाच्या हातात राहिला? मेहतराच्या, मांगाच्या, महाराच्या. आता ठेकेदार मध्ये घुसलाय आणि कामगाराच्या नावाचा कागदच नाही. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघ वर्षानुवर्षं कोर्टात झगडला, तेव्हा २०१७ साली सुप्रीम कोर्टानं २७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निकाल उचलून धरला. म्हणजे होतं. चिकाटीनं केलं तर होतं.

आणि गटार? हातानं मैला उपसण्याविरुद्ध कायदा झाला १९९३ साली, पुन्हा झाला २०१३ साली. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, गटारात मेलेल्याच्या घरच्यांना १० लाख द्या. २०२३ मध्ये सांगितलं, ३० लाख द्या. माणूस मॅनहोलमध्ये उतरतोय, वायूनं गुदमरतोय, त्याला काढायला दुसरा उतरतोय, तोही जातोय. कोल आणि वॉकर आपल्याकडं पुन्हा पुन्हा मरतात. मेंफिस काही पेटत नाही.

संदेष्टे आपल्याकडं जन्मतच नाहीत असं नाही. स्टॅन स्वामी नावाचा येशूसंघी पाद्री होता. तामिळनाडूचा, राबला झारखंडात. आदिवासी पोरं खटल्याविना तुरुंगात सडतात, त्यांच्या याद्या केल्या, कोर्टात गेला. ८ ऑक्टोबर २०२० ला त्याला उचललं ते आपल्या भीमा कोरेगावच्या नावानं चाललेल्या खटल्यात. तो सांगत राहिला, मी भीमा कोरेगावला कधी गेलोच नाही. कंपवातानं हातात पेला धरवेना, तर नळीच्या पेल्यासाठी कोर्टात अर्ज करावा लागला. जामीन मिळण्याआधीच ५ जुलै २०२१ ला, ८४ व्या वर्षी तो मुंबईत कोठडीतच गेला. आरोप आणि काम, दोन्ही अंगं शाबूत असलेला पाद्री व्यवस्थेला सोसत नाही. नुसती पावडर वाटणाऱ्याला ती हार घालते. परीक्षा एवढी सोपी आहे.

आणि जो दलित ख्रिस्ती आहे, त्याचं काय? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जाती म्हणजे फक्त हिंदू. १९५६ साली शीख आले, १९९० साली आपण बौद्ध आलो. चौतीस वर्षं आपण ओरडत होतो की धर्म बदलला तरी गाव जात सोडत नाही. आज तोच युक्तिवाद ख्रिस्ती झालेला मांग करतो, तर आपल्यातले काही ताट झाकून बसतात. लाज वाटू द्या. झाडू हातात देताना मुकादम बाप्तिस्म्याचा दाखला बघत नाही.

मग करायचं काय? मी कविता मागत नाही. वस्तीत विहार आहे ना? सकाळी वंदना होते, पौर्णिमेला खीर होते, वर्षातनं एकदा रोषणाई होते. मेंफिसचं क्लेबर्न टेंपल हे उपासनेचंच ठिकाण होतं. २८ एप्रिल २०२५ ला ते आगीत गेलं, पण तिथनं जे निघालं ते जळणारं नव्हतं. आपल्या विहारातनं संपाची भाकर निघेल काय? ठेकेदारानं काढून टाकलेल्याचा अर्ज तिथं बसून लिहिला जाईल काय? गटारात मेलेल्याच्या बायकोला ३० लाखांचा हक्क समजावून, तिच्याबरोबर कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या चढणारी चार पोरं तिथं सापडतील काय? बुद्ध पायी हिंडला, सुनीत भंग्याला त्यानं झाडू टाकायला लावून संघात घेतला. आपण सुनीताची गोष्ट सांगतो आणि आपल्या गल्लीतल्या सुनीताच्या अंगावरनं मोटारसायकल नेतो.

उद्या पहाटे पाचला हजेरी चौकीवर जा. भाषण करू नका. नावं विचारा, लिहून घ्या. कुणाला गमबूट नाहीत, कुणाचा खाडा खोटा लागला, कुणाचा भविष्यनिर्वाह निधी ठेकेदारानं खाल्ला, ते लिहून घ्या. परवा तीच वही घेऊन अधिकाऱ्याच्या टेबलावर जा आणि मग बोला, आवाज चढवून बोला. वही हातात असलेल्याचा आवाज वेगळा लागतो.

जयभीम.