जाळण्यासाठी केलेला कंदील

सण किती जुना आहे, हे विचारण्याची आपल्याला भारी हौस. पुराणात उल्लेख आहे का, शिलालेख सापडलाय का, निदान पेशव्यांच्या जमाखर्चात तेलवातीची नोंद तरी? वय जितकं जास्त तितकी सणाची पत मोठी. त्या हिशेबानं ब्रायटनचा ‘बर्निंग द क्लॉक्स’ म्हणजे अगदीच शेंडेफळ. तो सुरू झाला १९९४ साली. आमच्या सोसायटीची लिफ्ट त्याहून जुनी आहे.

ब्रायटन हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं गाव, लंडनहून रेल्वेनं तासाभरावर. माझी भाची तिथे असते, म्हणून एक डिसेंबर मी तिथे काढला. एकवीस डिसेंबर हा वर्षातला सर्वांत लहान दिवस, हे आपण भूगोलात पाठ केलेलं असतं. पण पुण्यात त्या दिवशीही अकरा तासांच्या आसपास उजेड असतो. तेव्हा ‘लहान’ हा शब्द आपल्यापुरता परीक्षेतच राहतो. ब्रायटनला तो अंगावर येतो. सूर्य सकाळी आठच्या सुमाराला उगवतो आणि दुपारी चार वाजायच्या आत मावळतो. दुपारचा चहा दिवे लावून प्यायचा. चौथ्या-पाचव्या दिवसापासून माणूस विनाकारण चिडायला लागतो. तिथल्या लोकांना अंधारात काहीतरी पेटवावंसं का वाटतं, हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

हा उत्सव ‘सेम स्काय’ नावाची धर्मादाय कलासंस्था भरवते. नाताळ म्हणजे नुसती खरेदी होऊन बसली आहे, त्याला काहीतरी उतारा हवा, असा मूळ विचार. देव नाही, पोथी नाही, कुठल्याही धर्माच्या वा धर्म न मानणाऱ्या माणसानं यावं. लोक कागद आणि विलोच्या काड्यांचे कंदील स्वतः करतात, त्या सर्वांत लहान दिवशी, म्हणजे अयनदिनाच्या संध्याकाळी, ते घेऊन गावातून समुद्रापर्यंत चालतात आणि किनाऱ्यावर त्यांची होळी करतात. सोबत सांबाचे ताशे, आणि घड्याळाची तबकडी कुठे ना कुठे मिरवणारे पोशाख. दरवर्षी विषय वेगळा असतो, घड्याळ मात्र असतंच. सरत्या वर्षाची इच्छा, भीती, राहून गेलेलं काही, जे काय असेल ते कंदिलात घालायचं आणि आगीच्या हवाली करायचं.

पण मला मिरवणुकीपेक्षा आधीची कार्यशाळा जास्त आवडली, तेव्हा तिच्याबद्दल थोडं सविस्तर.

एका शाळेच्या हॉलमध्ये टेबलं जोडून मांडलेली. काड्यांच्या भिजवलेल्या जुड्या, कागदी चिकटपट्टीची रिळं, पांढऱ्या टिश्यूचे ताव, आणि बादलीत पाणी घालून पातळ केलेलं, आपल्या फेविकॉलसारखं डिंकपाणी. विलो म्हणजे आपल्याकडे नदीकाठी वाढणाऱ्या वाळुंजाचा भाऊबंद. तिकडे सॉमरसेटच्या पाणथळ जमिनीत त्याची पिढ्यान्‌पिढ्या शेती होते, टोपल्या विणायला. काडी बुंध्याकडे बोटाएवढी असते आणि शेंड्याकडे निमुळती होत जाते. भिजली की हवी तशी वाकते. लहानपणी कामट्यांचे आकाशकंदील बांधलेली मी, त्यामुळे हात लगेच सरसावले. जुन्या सवयीनं मी चौकोन बांधायला घेतला. काडी ऐकेना.

“मावशी, तू तिला वळवतेयस की तिच्याशी भांडतेयस?” भाचीनं विचारलं.

गोम तिथेच होती. बांबूची कामटी चिरलेली असते. तिला धार असते, ती सरळ राहू पाहते. म्हणून आपला कंदील म्हणजे चौकोन, त्रिकोण, षटकोन, चांदणी. कोपऱ्यांवर करंज्या लावायच्या आणि खाली झिरमिळ्या सोडायच्या. विलोची काडी अख्खी आणि गोल, तिला वळणच मानवतं. म्हणून त्यांच्या कंदिलात मासे, पक्षी, चंद्र, गोगलगायी. संस्कृती, परंपरा, सौंदर्यदृष्टी वगैरे आपण बोलतो ते खरंच. पण निम्मा आकार काडी ठरवते.

सांगाडा झाला की कागद. हा टिश्यू ओला झाला तरी फाटत नाही. टेबलावर पसरायचा, स्पंजानं डिंकपाणी फासायचं, दोन्ही हातांनी उचलून सांगाड्यावर टाकायचा आणि कडा काडीभोवती दुमडून घ्यायच्या. त्या वेळी तो इतका गचाळ दिसतो की आपण सगळं बिघडवलं अशी खात्री पटते. सुरकुत्या, फुगे, बोटांना चिकटलेल्या चिंध्या. रात्रभर वाळला की मात्र ढोलकीच्या पुडीसारखा ताणून बसतो, टिचकी मारली तर वाजतो. आपल्याकडे पतंगी किंवा घोटीव कागद कोरडाच कापून खळीनं कडेकडेनं चिकटवतात, त्यामुळे त्याला ढिलेपण राहिलं तर राहिलंच. ही युक्ती उचलण्यासारखी आहे. तळाशी दिवा सरकवायला जागा सोडायची. पूर्वी मेणबत्ती असे, आता बॅटरीचा दिवा असतो आणि जाळण्याआधी तो आठवणीनं काढून घ्यावा लागतो.

शेजारच्या टेबलावर सहा-सात वर्षांचा एक मुलगा एक जाडजूड, दोन पायांचं काहीतरी करत होता. हत्ती का, असं मी विचारलं. त्यानं तोंड उघडून दाखवलं. दाढ होती ती. या वर्षी त्याचे चार दात पडले होते, आणि वर्षातली सर्वांत मोठी घटना कोणती, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती.

हे काड्या-टिश्यूचं तंत्र ब्रायटनचं नव्हे. ते इंग्लंडभर पसरलं वेल्फेअर स्टेट इंटरनॅशनल या नाटकवाल्यांच्या मंडळीमुळे. जॉन फॉक्स, स्यू गिल आणि त्यांच्या मित्रांनी ती १९६८ मध्ये काढली. तिकीट काढून नाट्यगृहात बसणाऱ्यांसाठी नाटक करायचं नाही, गावात जाऊन गावाबरोबर करायचं, हा त्यांचा हट्ट. पुढे ती उत्तरेकडच्या अल्व्हरस्टन या छोट्या गावात स्थिरावली (लॉरेल-हार्डीतला सडपातळ लॉरेल याच गावचा). जपानमध्ये पाहिलेल्या कंदिलांच्या मिरवणुकीवरून त्यांनी १९८३ मध्ये तिथे कंदील-मिरवणूक सुरू केली. ती सप्टेंबरात निघते. या लोकांचं मला पटलेलं काम म्हणजे त्यांनी युक्त्या लपवल्या नाहीत. पुस्तक काढलं, शिकवण्या घेतल्या. मग ज्यानं त्यानं आपापल्या गावी नेलं. कॅनडात व्हँकुव्हरलाही १९९४ पासूनच अयनदिनाचा कंदील-उत्सव होतो. वेगवेगळ्या मोहल्ल्यांतून मिरवणुका निघतात आणि एका ठिकाणी मधमाशीच्या मेणाच्या शेकडो मेणबत्त्या जमिनीवर मांडून चक्रव्यूह करतात. लोक त्यातून एकेक पाऊल टाकत आतपर्यंत जातात आणि परत येतात. आपल्या अभिमन्यूला हे जमलं असतं तर महाभारत जरा छोटं झालं असतं.

मिरवणुकीबद्दल थोडक्यात. गर्दी हजारोंची, थंडी हाडात शिरणारी, समुद्राचा वारा अखंड. किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा, त्यामुळे चालताना प्रत्येकाचा तोल जातो. गोट्यांवर मोठी आग पेटवलेली असते. कठड्यापाशी स्वयंसेवक कंदील घेतात आणि आगीत टाकतात, शेवटी आतषबाजी. एक-दोन आठवडे खपून केलेली वस्तू हातातून सोडताना मोठी माणसंच घुटमळत होती. काहींनी तर कंदील काखेत धरून सरळ घरचा रस्ता पकडला आणि त्यांना कुणी अडवलं नाही. दाढवाल्या मुलानं दाढ देऊन टाकली आणि चिप्स कुठे मिळतील असं आईला विचारलं.

“वाईट नाही वाटत?” असं मला तिथल्या दोघा-तिघांनी विचारलं. काय सांगणार? आपण अनंत चतुर्दशीला दहा दिवस पुजलेली मूर्ती पाण्यात सोडणारी माणसं. गोव्यात तर नरकचतुर्दशीच्या आधी कितीतरी दिवस गल्लीगल्लीत पोरं रात्री जागवून नरकासुर उभा करतात, त्याच्या मिशीच्या आकड्यावरून वाद घालतात, आणि पहाटे जाळून टाकतात. नाताळ सरल्यावर गोव्यात आणि वांद्र्यात मुलं जुने कपडे नि पेंढा भरून ‘ओल्ड मॅन’ बनवतात, रस्त्यावर त्याच्या नावानं पैसे गोळा करतात आणि एकतीस डिसेंबरच्या मध्यरात्री सरत्या वर्षाला त्याच्या रूपानं आग लावतात. घड्याळाचा मुखवटा नाही, बाकी मामला तोच. ब्रायटनच्या आसपासच्या लोकांनाही आगीचं वावडं नाही. जवळच्या लुइस गावात पाच नोव्हेंबरला मशाली आणि पुतळ्यांचा जो थाट असतो, त्यापुढे हे प्रकरण मवाळच म्हणायचं.

खरं तर सूर्य परत फिरण्याचा दिवस साजरा करण्यात आपण मागे नसायला हवं होतं. पण आपलं उत्तरायण पंचांगानं संक्रांतीला बांधून ठेवलं, आणि पृथ्वीचा आस हळूहळू डुलत असल्यामुळे संक्रांत दर बहात्तर वर्षांनी साधारण एक दिवस पुढे सरकत गेली. सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकत्र होते. आता सूर्य डिसेंबरात वळतो आणि तिळगूळ जानेवारीच्या मध्याला मिळतो. भीष्म शरपंजरी पडून कुठल्या उत्तरायणाची वाट बघत होते, यावर आमच्या कट्ट्यावर दोन तट आहेत; त्यात मी पडत नाही.

आता वयाचा मुद्दा. महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या सार्वजनिक उत्सवालाही जन्मतारीख आहेच. १८९२ की १८९३, भाऊ रंगारी की टिळक, हा वाद पुण्यात अजून पेटतो, म्हणजे तो कुणीतरी मुद्दाम सुरू केला हे दोन्ही बाजूंना मान्य आहे! तेव्हा उत्सव नवा आहे, एखाद्या संस्थेनं डोकं लढवून काढलाय, याचं मला काही वाटत नाही. मी वेगळं विचारते. या उत्सवात शिरायला काय लागतं? ब्रायटनला मिरवणुकीच्या आत चालायचं तर कंदील लागतो. काड्या-कागदाचा संच विकत मिळतो, त्यासोबत मनगटपट्ट्या मिळतात, पण कंदील बांधायचा तुम्हालाच. तयार कंदील विकणारं दुकान नाही. पैसेवाल्याचा आणि बिनपैशाच्या माणसाचा कंदील सारखाच वाकडातिकडा.

सगळं गोडच आहे असं नाही. रस्ता बंद करायचा, सुरक्षा ठेवायची, विमा उतरवायचा, याचा खर्च मोठा असतो आणि संस्थेला लोकांपुढे वर्गणीसाठी हात पसरावा लागतो. २००९ साली बर्फामुळे उत्सव रद्द झाला, करोनातही झाला. आणि बाजाराला उतारा म्हणून काढलेल्या मिरवणुकीच्या दुतर्फा, मिरवणूक बघायला आलेल्यांसाठी, चमचमणाऱ्या प्लॅस्टिकच्या कांड्या विकणारे उभे असतातच. बाजार असा उताऱ्यानं उतरत नाही.

आणि आपल्याकडे? गेल्या दिवाळीत आमच्या सोसायटीनं ‘एकसारखेपणा दिसावा’ म्हणून सगळ्या बाल्कन्यांना एकाच रंगाचे, एकाच मापाचे प्लॅस्टिकचे कंदील घाऊक मागवले. खालून बघितलं तर छान दिसले, हॉटेलासारखे. कुणाच्या घरचा कोणता, हे ओळखायची सोय नव्हती. मुंबईत माहीमला कवळी वाडीची गल्ली अजून कंदील गल्ली म्हणूनच ओळखली जाते, तिथे हातानं बांधलेले कंदील विकत मिळतात. गोव्यात दिवाळीला हातच्या आकाशकंदिलांच्या स्पर्धा होतात आणि त्यात काड्यापेट्यांपासून शहाळ्याच्या करवंट्यांपर्यंत काहीही लागतं. म्हणजे हात गेलेले नाहीत. फक्त आमच्या इमारतीत कुणी कुणाला बोलावत नाही.

तेव्हा सेक्रेटरी महाशयांना या सदरातून जाहीर विनंती. येत्या दिवाळीत घाऊक मागणी नोंदवू नका. क्लबहाऊसमध्ये दोन संध्याकाळी सतरंज्या घाला, कामट्यांच्या जुड्या आणि कागद ठेवा, खळ मी करून आणते. पैशांचा प्रश्न आला तर गेल्या वर्षीच्या डीजेच्या बिलाचा एक कोपरा पुरेल. वाकडे कंदील लावायचे, ज्याचे त्यानं लावायचे. दिवाळी उलटली की जाळायचे की माळ्यावर टाकायचे, ते ज्याचं त्यानं ठरवावं. कामट्या बुरूड आळीत मिळतात, पण ऐन दिवाळीत गेलात तर मिळणार नाहीत. नवरात्र बसायच्या आत सांगून ठेवा.