आधी आपल्या जिवाला जपा

फराळाचे डबे भरून होतात, आकाशकंदील लागतो आणि पाठोपाठ पाहुणे येतात. चकलीचा पहिला तुकडा मोडता मोडता कोणीतरी विचारतेच, "मग, गोड बातमी कधी?" विचारणाऱ्याच्या मनात पाप नसते. पण जिला विचारलेले असते ती सून चहा आणायला म्हणून आत जाते, ती बऱ्याच वेळाने बाहेर येते.

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अशा सुनांची पत्रे बारा महिने असतात. या महिन्यातही आपल्याकडून काही झाले नाही, असे त्या लिहितात. तो ‘आपल्याकडून’ शब्द मला फार खुपतो. जणू काही पाळी आली म्हणजे परीक्षेचा निकाल लागला, आणि त्यात बाई नापास झाली! म्हणून आज दिवाळीच्या दिवसांतही हा विषय काढते आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून असल्या गोष्टी मराठीत उघडपणे बोलायला आरंभ केला. इतक्या वर्षांनंतर आपण तरी कशाला लाजायचे?

आधी थोडा हिशेब मांडू. नवराबायको दोघेही तरुण आणि धडधाकट असली, तरी एका महिन्यात गर्भ राहण्याची शक्यता साधारण चारात किंवा पाचात एक एवढीच असते. म्हणजे निरोगी स्त्रीच्या वाट्यालाही न राहण्याचेच महिने अधिक येतात. तरीही पत्नीचे वय चाळिशीच्या आत असेल, तर शंभरांतल्या ऐंशीहून अधिक जोडप्यांना वर्षभरात दिवस जातात. उरलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना दुसऱ्या वर्षी जातात. तेव्हा तिसऱ्या-चौथ्या महिन्यालाच ‘माझ्यात काही खोट आहे’ असे ठरवून उशी भिजवणे, हा स्वतःवर केलेला अन्याय आहे.

दुसरे म्हणजे दिवस मोजण्याचे वेड. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर बारा ते चोवीस तासच टिकते. पुरुषबीज शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकते. त्यामुळे महिन्यातले उपयोगाचे दिवस सहाच: बीज सुटते तो दिवस आणि त्याआधीचे पाच. हे कळले की भिंतीवरच्या कॅलेंडरावर लाल खुणा पडू लागतात. पण जपानच्या डॉ. क्यूसाकू ओगिनो यांनी १९२४ साली दाखवून दिले, की हा दिवस मागच्या पाळीपासून नव्हे, तर पुढच्या पाळीपासून उलटा मोजायचा असतो. साधारण १२ ते १६ दिवस आधी. आता पुढची पाळी कधी येणार, हे आधी कोणाला ठाऊक? कितीही काटेकोर गृहिणी असली तरी हा अंदाज चुकायचाच. औषधांच्या दुकानांत मिळणाऱ्या तपासणीच्या पट्ट्या तो दिवस जवळ आल्याचे सुचवतात. ज्यांना त्यांचा आधार वाटतो त्यांनी खुशाल वापराव्यात. पण पट्टी पाहून हात कापू लागत असतील, तर ती कपाटात ठेवून द्यावी. महिनाभर दर दोन-तीन दिवसांनी सहवास घडत असला, की पुरे. नवऱ्याला तारीख-वेळ सांगून घरी बोलवावे लागले, म्हणजे संसाराची कचेरी होते.

शेजारणी सांगतात, पाय वर करून निजावे, अमुक कुशीवर वळावे. याला काही आधार नाही. पाठ अवघडते एवढेच. आणि ‘तू फार मनाला लावून घेतेस, म्हणूनच राहत नाही’ असे कोणी म्हटले, तर ते मुळीच मनावर घेऊ नका. वाट पाहणाऱ्याला काळजी वाटणारच. त्या काळजीचाही दोष तिच्याच माथी मारणे, ही कुठली माया? गर्भ राहून सुरुवातीलाच गेला, तर पुष्कळदा त्याचे कारण गुणसूत्रांतला दोष असतो. जिना चढला म्हणून किंवा घागर उचलली म्हणून तसे होत नाही.

आता पतिराजांसाठी दोन शब्द. मूल न होण्याची कारणे शोधली, तर जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचेही काही कारण सापडते. वीर्याची तपासणी ही सगळ्यांत सोपी तपासणी. तिला ना भूल लागते, ना टाके. तरी पुष्कळ घरांत बायकोच्या चार तपासण्या होतात, दोन नवस बोलून होतात, तेव्हा कुठे साहेब प्रयोगशाळेची पायरी चढतात. पहिल्याच खेपेला दोघांनी मिळून जावे. तंबाखू दोघांनीही सोडावी. पत्नीने रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड गर्भ राहण्याआधीपासूनच डॉक्टरांना विचारून सुरू करावे.

मात्र जिवाला जपणे म्हणजे नुसते स्वस्थ बसणे नव्हे. वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर, पस्तीस किंवा अधिक असेल तर सहा महिने वाट पाहून डॉक्टरांकडे जावे. पाळी अनियमित असेल, पाळीत असह्य दुखत असेल किंवा पूर्वी क्षय झाला असेल, तर तेवढेही थांबू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले, की जगात सहांपैकी एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी या अडचणीला तोंड द्यावे लागते. तेव्हा यात नवल नाही, आणि लाज तर मुळीच नाही.

पाळी येईल त्या दिवशी रडू आले तर रडावे. त्या दिवशी कोणाच्या डोहाळजेवणाला जाणे जिवावर आले, तर अहेर पाठवावा आणि घरी राहावे. आणि गोड बातमी विचारणाऱ्यांना नवऱ्यानेच हसून सांगावे, "असली की पहिला पेढा तुम्हालाच, मामी!" बायकोने स्वयंपाकघर गाठण्यापेक्षा हे बरे.

नरकचतुर्दशीला घरातली बाई सगळ्यांच्या अंगाला तेल लावते आणि स्वतः घाईघाईने दोन तांबे ओतून घेते. यंदा तिच्या पाठीला कोणीतरी नीट तेल लावा. मूल होईल तेव्हा होईल. घरात आज जे माणूस आहे, त्याची हेळसांड होता कामा नये.